वाघ, व्याघ्र आणि वाघीण

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्याकडच्या माणसाने ‘काल रात्री वाघ येऊन गेला’ असं सांगितलं, तर बहुतेक वेळा तो बिबट्याबद्दल बोलत असतो. ‘वागान सुणें व्हेलें’ म्हणजे कुत्रं बिबट्याने उचललं. ही बातमी पणजीला पोचते तेव्हा तिचं शीर्षक होतं ‘गावात वाघाचा वावर, ग्रामस्थ भयभीत’, आणि ती माझ्या टेबलावर येते. मी एका मराठी दैनिकात मुद्रितशोधन करते. उपसंपादक म्हणतो, वाघ काढ, बिबट्या घाल. गावचा बातमीदार फोनवर हट्टाला पेटतो, आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. दोघंही बरोबर असतात आणि पान सोडायची वेळ झालेली असते.

गोव्यात आणि तळकोकणात वाघ हे एका जनावराचं नाव नाहीच मुळी, ते घराण्याचं नाव आहे. त्यात पट्टेरी वाघ आला, बिबटो वाघ आला, अंगभर काळा असलेला बिबट्या म्हणजे काळो वाघ आला. नुसतं ‘वाघ’ म्हटलं की जो गोठ्याजवळ येतो तो. खऱ्याखुऱ्या मोठ्या वाघाला वेगळं काढायचं असेल तर पट्टेरी किंवा ढाण्या असं विशेषण जोडावं लागतं. शाळेच्या पुस्तकात मात्र उलटं. तिथे वाघ म्हणजे पट्टेरी, बाकीच्यांनी आपापली नावं शोधावीत.

आता संस्कृत बघा. तिथे बिबट्याला ‘द्वीपी’ असा सुरेख शब्द आहे. द्वीप म्हणजे बेट, आणि द्वीपी म्हणजे ज्याच्या अंगावर बेटं आहेत असा. पिवळ्या कातडीवरचे ते काळे पुंजके ज्याला बेटांसारखे दिसले तो माणूस नदीमुखाशी राहणारा असावा, असं मला उगाच वाटतं. मांडवीवरून चोडण, दिवाडी ही बेटं पाहिलेल्या कुणालाही ही कल्पना पटेल. मराठीने हा शब्द का टाकला कोण जाणे. टाकायला नको होता.

वाघ हा शब्द व्याघ्रावरून आला हे सगळ्यांना माहीत असतं. व्याघ्र, मग प्राकृतात वग्घ, मग मराठीत वाघ. जोडाक्षर सुटं झालं आणि आधीचा स्वर लांबला, ही मराठीची नेहमीची रीत, हस्त-हत्थ-हात तसंच. हिंदीत आणि बंगालीत व चा ब होऊन बाघ झाला. आमच्या कोकणीत शेवटचा घ सैल झाला आणि वाग राहिला. पण व्याघ्र कुठून आला? यास्क या प्राचीन व्युत्पत्तिकाराने आपल्या ‘निरुक्त’ या ग्रंथात याची दोन उत्तरं दिली आहेत. एक, ‘व्याघ्राणात्’, म्हणजे तो हुंगतो म्हणून. दुसरं, ‘व्यादाय हन्ति’, म्हणजे जबडा फाकवून मारतो म्हणून.

आधुनिक भाषाशास्त्रज्ञ अशा व्युत्पत्त्यांकडे हसून बघतात आणि बरेचदा ते योग्यही असतं. यास्काकडे प्रत्येक शब्दाला एक धातू तयार असतो. शिवाय वाघ शिकार करतो ती डोळ्यांनी आणि कानांनी. नाकाने माग काढत जाणारा प्राणी तो नव्हे. मग ‘हुंगणारा’ कसा? तरी मला हे उत्तर सोडवत नाही, कारण वाघ नाकाचा वापर करतो तो भक्ष्यासाठी नव्हे, दुसऱ्या वाघासाठी. झाडाच्या बुंध्यावर तो मागच्या बाजूने फवारा मारतो. दुसरा वाघ येऊन तो हुंगतो, मग वरचा ओठ मुरडतो, नाकाला आठ्या पाडतो, जीभ बाहेर लोंबू देतो आणि तोंड उघडं ठेवून क्षणभर तसाच उभा राहतो. टाळूतल्या एका खास इंद्रियापर्यंत तो वास पोचवायची ही पद्धत. बघणाऱ्याला वाटतं वाघ रागावून गुरकावतोय. खरं तर तो चिठ्ठी वाचत असतो. हुंगणं आणि जबडा फाकवणं एकाच मुद्रेत. यास्काची दोन्ही उत्तरं एका वेळी.

आणि त्या चिठ्ठीचा वास कसला असतो? रतनलाल ब्रह्मचारी या कोलकात्याच्या शास्त्रज्ञाने आयुष्याचा मोठा भाग वाघाच्या या फवाऱ्यावर घालवला. बासमती तांदळाला ज्या रेणूमुळे वास येतो तोच रेणू त्यांना त्यात सापडला. आंबेमोहराचा वासही त्याच रेणूचा. तेव्हा रानात कुठे भात शिजत नसताना भाताचा वास आला तर पायवाट बदललेली बरी.

व्याकरणवाल्यांचं आणि वाघाचं जुनं वैर आहे. पाणिनी शिष्यांना शिकवत असताना वाघ आला, शिष्य पळाले, गुरुजी मात्र ‘व्याजिघ्रति इति व्याघ्रः’ अशी फोड सांगत बसले आणि वाघाने त्यांना खाल्लं, ही गोष्ट संस्कृतच्या तासाला ऐकलेली अनेकांना आठवत असेल. पंचतंत्रातल्या श्लोकात मात्र पाणिनीला मारणारा सिंह आहे. वाघ मागाहून शिरला असणार, कारण त्याच्याशिवाय विनोद होत नाही. पण पाणिनीच्या सूत्रांत वाघ खरोखरच आहे. ‘उपमितं व्याघ्रादिभिः’ असं सूत्रच आहे: पुरुषव्याघ्र, नरव्याघ्र असे समास कसे करायचे त्याचा नियम. म्हणजे माणसाला वाघ म्हणायची हौस तेव्हाच एवढी वाढली होती की तिला नियम लावावा लागला. अथर्ववेदात राजाला अभिषेक करताना त्याला व्याघ्र म्हटलं आहे आणि व्याघ्रचर्मावर पाऊल टाकायला सांगितलं आहे. त्याआधीच्या ऋग्वेदात सिंह आहे, वाघ नाही. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर मात्र वाघ आहे. कोण कुठून आलं, कुठल्या रानात पोचल्यावर काय दिसलं, याचा हिशोब मांडणारे मांडोत.

मला जास्त मजा येते ती खोट्या वाघांची. मराठीत असे कितीतरी शब्द आहेत ज्यांत वाघ दिसतो पण असत नाही. वटवाघूळ घ्या. रात्री पेरूच्या झाडाला लोंबणाऱ्या त्या जनावरात वाघासारखं काही नाही, आणि नसणारच, कारण त्याचं नातं संस्कृतातल्या ‘वाग्गुद’ आणि ‘वल्गुली’ या शब्दांशी आहे. मनुस्मृतीत कुठल्या चोराला कोणता जन्म याची यादी आहे. त्यात गूळ चोरणारा वाग्गुद होतो. गोव्यात माडाच्या गुळाच्या बरण्यांवर हात मारणारी पोरं बघता ही शिक्षा फारच जागोजाग लागू व्हायला हवी होती.

धनगरांची वाघूर तशीच. रात्री मेंढरं कोंडायला जे जाळं उभारतात ते वाघूर. वाघ येऊ नये म्हणून लावलेलं म्हणून वाघूर, असं कुणीही सांगेल आणि ऐकणारा मान डोलावेल. पण संस्कृतात ‘वागुरा’ म्हणजे जाळं, फासा, आणि त्याचा वाघाशी संबंध नाही. ग चा घ कुणी केला? मला वाटतं, जाळ्याच्या बाहेर जो बसलेला असे त्यानेच केला.

सगळ्यात सरस खोटा वाघ म्हणजे रेल्वेची वाघीण. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, अगदी सरकारी कागदातसुद्धा. इंग्रजी वॅगन ऐकून कुणा गँगमनच्या किंवा हमालाच्या तोंडी वाघीण झालं आणि चिकटलं. भाषेने केलेलं हे सर्वोत्तम भाषांतर आहे, कारण ते भाषांतरच नाही. गोव्यात या शब्दाला आणखी एक धार आहे. मुरगावहून घाट चढून कॅसलरॉकला जाणारा लोहमार्ग पोर्तुगीज काळातला, १८८८ सालचा. तो मोलेच्या राष्ट्रीय उद्यानातून, दूधसागरच्या पोटाखालून जातो. बंदरात उतरलेला कोळसा त्या मार्गाने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. म्हणजे ज्या रानात वाघिणीने पिल्लं घालावीत त्या रानातून रोज कोळशाने भरलेल्या वाघिणी जातात. हा मार्ग दुपदरी करायचा बेत निघाला तेव्हा २०२० मध्ये चांदरला लोक रात्री रुळांवर जाऊन बसले होते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली. त्या दिवसांत ‘वाघिणींची संख्या वाढणार’ असं एक शीर्षक माझ्या हाताखालून गेलं. ते मी तसंच सोडलं. वाचकांना थोडी करमणूक हवी.

खरे वाघ असलेले शब्दही कमी नाहीत. वाघनख म्हटलं की पुढे प्रतापगड, अफझलखान आणि १६५९ साल आपोआप येतं, पण कोकणात वाघनख आधी लहान पोराच्या गळ्यात असतं, सोन्याच्या नाहीतर चांदीच्या कोंदणात, दृष्ट लागू नये म्हणून. पावसाळ्यात कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीलाही वाघनखी म्हणतात. लाल-पिवळ्या पाकळ्या वर वळलेल्या, नख्या बाहेर काढल्यागत. विदर्भ-मराठवाड्याकडे ‘वाघनखी’ म्हणजे वेगळंच झाड, ज्याच्या सुक्या फळाला दोन आकडे असतात आणि ते धोतराला अडकतं. वाघाटीच्या वेलीला काटे वाकडे, म्हणून वाघाटी. आषाढी एकादशीचा उपास देशावर त्या फळांच्या भाजीने सोडतात. खंडोबाचा वाघ्या भंडाऱ्याची पिशवी व्याघ्रचर्माची बाळगायचा. मग प्रत्येक इमानी कुत्र्याचं नाव वाघ्या झालं, आणि मांजर तर मावशीच. आडनावं पाहावीत तर वाघमारे, वाघमोडे, वाघचौरे. गोव्यात नुसतं वाघ आडनाव घेतलं की डोंगरीचे विष्णू सूर्या वाघ आठवतात. कवी, नाटककार, आमदार, आणि व्यासपीठावर उभे राहिले की आडनावाला जागणारे.

शहरात हा शब्द असा स्वस्त आहे. वाघ चहाच्या पुड्यावर आहे, पक्षाच्या बॅनरवर आहे, वाढदिवसाच्या फलकावर भाईच्या फोटोमागे डरकाळी फोडतो आहे. दहावीत साठ टक्के मिळवलेल्या मुलाला मामा म्हणतो, ‘वाघ आहेस वाघ!’ वाघ जितका लांब, तितका शब्द मोकळा.

जिथे वाघ जवळ असतो तिथे तो शब्द तोंडात येत नाही. माझी मावशी वाघेरीच्या पायथ्याकडे राहते. डोंगराच्या नावातच वाघ आहे, आणि मावशी दिवेलागणीनंतर ते नाव घेत नाही. लहानपणी रात्री जेवताना मी मोठ्याने विचारलं होतं, ‘मावशे, हंय वाग येता?’ तिने ताटावरून मान वर न करता सांगितलं, ‘रातचें नांव घेवचें न्हय. जनावर म्हण.’ जनावर हा तिथला सोयीचा शब्द. साप दिसला तरी जनावरच. तिच्या घरात कोण कशाला जनावर म्हणतंय हे आवाजाच्या पट्टीवरून कळायचं. सापाचं जनावर चटकन, घाईत म्हटलं जायचं. वाघाचं जनावर हळू.

नाव घ्यावंच लागलं तर ते आदराने घ्यायचं. वाघोबा. विठोबा, खंडोबा, म्हसोबा यांच्या पंगतीतला बा. ‘वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो’ ही म्हण करणारा माणूस बहुधा गावाबाहेर राहायला गेलेला असावा. नगर-नाशिककडचे महादेव कोळी, पालघरकडचे वारली वाघोबा पुजतात. वसुबारस तिकडे वाघबारस होते. गाय-वासराच्या सणालाच वाघाची पूजा, यात विसंगती वाटत असेल तर ती घाटाखालच्या फ्लॅटमध्ये बसलेल्यालाच. गुरं ज्याच्या तावडीत आहेत त्याच्याशीच बोलणी करावी लागतात.

गोव्यात सांगे, केपे, काणकोणच्या वेळिप या आदिवासी समाजाचा वाघ्रो देव आहे. सत्तरीतही रानाच्या तोंडाशी असे दगड आहेत. मावशीच्या वाड्यावरून वर गेलं की चिऱ्यांचा एक चौथरा लागतो. त्यावर हातभर लांबीचा दगड, त्यात उठावात कोरलेलं जनावर. शेपूट पाठीवरून गोल वळवून मानेपर्यंत आणलेलं, तोंड थोडं उघडं, डोळे घासून गेलेले. तेल इतकं मुरलंय की दगड उन्हात ओला दिसतो. पुढ्यात पिटकोळीची फुलं आणि कधीचा तरी फुटका नारळ. गुरं रानात काढायच्या हंगामात तिथे गाऱ्हाणं होतं, गावकार म्हणतो ‘गोरवांक राख, भुरग्याबाळांक राख’, आणि मागचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मी त्या दगडाकडे बराच वेळ पाहिलं आहे. अंगावर पट्टे नाहीत, ठिपकेही नाहीत. कारागिराला ते कोरता आले नसतील असं नाही, शेपटीचं टोक त्याने इतकं नीट केलंय. त्याला जरूर वाटली नसावी. दोघांपैकी कोण, हे देवाला विचारत नाहीत.

सरकार मात्र विचारतं. मावसभावाचं वासरू गेलं तेव्हा भरपाईच्या अर्जात त्याने ‘वाघाने मारले’ असं लिहिलं. टेबलामागच्या माणसाने विचारलं, ‘पट्टेरी काय बिबटो?’ भाऊ म्हणाला, ‘हांवें विचारूंक ना.’ मग माणसं येऊन पायाचे ठसे बघून गेली.

या विनोदाच्या मागे दहा-पंधरा वर्षांचं दुखणं आहे. गोव्यात पट्टेरी वाघ राहत नाही, चुकून कर्नाटकातून येतो आणि परत जातो, असं अधिकृतपणे म्हणायची एके काळी पद्धत होती. म्हणजे पाहुणा. २००९ मध्ये केरीच्या रानात पाहुणा फाशात अडकून मेला. पुढे कॅमेऱ्यांत वाघ दिसू लागले, पिल्लांसह वाघीण दिसली, तेव्हा पाहुण्याची भाषा जरा अडखळली. म्हादई अभयारण्य १९९९ चं, २०८ चौरस किलोमीटरचं, आणि पलीकडे कर्नाटकचं भीमगड, खाली काळी व्याघ्र प्रकल्प. वाघाला राज्याची सीमा दाखवणारा फलक कुणी लावलेला नाही. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या रानात चार वाघ मेलेले सापडले, वाघीण आणि तिची तीन पिल्लं. विषाने मेली होती. त्याआधी गुरं मारली गेली होती.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा पाहिलं की आमच्या पानावर दोन शब्द वेगळे होत चाललेत. मेले ते ‘वाघ’. त्यानंतर जे करायचं होतं ते ‘व्याघ्र’: व्याघ्र संवर्धन, व्याघ्र अधिवास, व्याघ्र क्षेत्र. २४ जुलै २०२३ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा असा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. गावागावांत सभा झाल्या, काजूच्या बागायतींचं काय, घरांचं काय, पिढ्यानपिढ्यांच्या कुमेरीचं, म्हणजे डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीचं, काय. आणि व्याघ्र हा शब्द, जो यास्काने हुंगण्यावरून काढला आणि अथर्ववेदाने राजाला दिला, तो सत्तरीत नोटिशीचा शब्द झाला. भाषेत हे नवीन नाही. तत्सम आणि तद्भव बरोबर राहू लागले की कामं वाटून घेतात. क्षेत्र सरकारचं, शेत आपलं. पण एकाच जनावराची अशी वाटणी व्हावी आणि एका अर्ध्याने दुसऱ्याला गावाबाहेर काढावं, हे मी तरी पहिल्यांदा पाहते आहे.

मावसभावाचं मत एका वाक्यात आहे. ‘वाग आसूं, व्याघ्र नाका.’ वाघ असू दे, व्याघ्र नको.

मला ते वाक्य ऐकायला फार आवडतं आणि पटत नाही. मी त्याला म्हटलं, तुझ्या वाघाला तू तेल घालतोस, फुलं वाहतोस, आणि गोळावलीत चार मेले तेव्हा तिथेही असा एखादा दगड असेलच की. देवाच्या भरवशावर वाघ राहिला असता तर न्यायालयाला बोलायची वेळ आली नसती. तो म्हणाला, मग त्या तुमच्या कागदावर वाग असं लिहा, आणि आमचं गाव कुठल्या रेषेत ते आम्हाला समजेल अशा भाषेत सांगा, मग बघू. मी म्हटलं, कायद्याच्या कागदात वाग लिहीत नाहीत. तो म्हणाला, वाघीण लिहितात ना, डब्याला? यावर मला उत्तर सुचलं नाही. मावशीने आतून विचारलं, रात्रीच्या वेळी कोण कुणाचं नाव घेतंय, तेव्हा विषय बदलून आम्ही काजूच्या दरावर आलो, आणि तिथेही आमचं जमलं नाही.